आई आनंदात आहे, मग मला काय खुपतं?

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

"माझी आई ७८ वर्षांची आहे. ३५ वर्षं तिनं शाळेत गणित शिकवलं. पाच वर्षांपूर्वी स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. आता ती माझं नाव कधी सांगते, कधी नाही. दिवसातला बराच वेळ ती बटणांचा एक जुना डबा घेऊन बसते. रंगांप्रमाणे ढीग लावते, सगळे पुन्हा एकत्र करते, पुन्हा लावते. परवा मी मदत म्हणून निळ्या ढिगात एक निळं बटण टाकलं. तिनं ते उचलून बाजूला ठेवलं आणि म्हणाली, 'नीट बघ आधी.' निळ्यात निळं, तरी तिला चूक वाटली. म्हणजे आता रंगही कळेनासे झालेत. मग माझ्याकडे बघून हसली. खरं सांगायचं तर ती दिवसभर हसतमुखच असते. आयुष्यात इतकी हसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

आई ताईकडे असते, मी शनिवार-रविवार जातो. ताई म्हणते, 'ती आनंदात आहे, तिला काही दुखत नाही, मग तुला काय खुपतं?' मला खुपतं. आजाराआधी आईच म्हणायची, 'डोकं चालेनासं झालं तर ते जगणं माझं नव्हे.' जी गाणी लागली की ती रेडिओ बंद करायची, त्याच गाण्यांवर ताई आता तिला टाळ्या वाजवायला लावते. मला ते बघवत नाही.

आणखी एक. आई मधूनच विचारते, 'हे कुठे गेले?' बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. ताई सांगते, 'बाहेर गेलेत, येतील.' मला खोटं बोलवेना, म्हणून एकदा मी खरं सांगितलं. ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडली. अर्ध्या तासानं विसरली. मी विसरलेलो नाही, आणि ताईही नाही. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

तुम्ही तत्त्वज्ञान शिकवलं आहे. मला सांत्वन नको, उत्तर हवं आहे. आईचं आयुष्य आता चांगलं आहे की नाही?"

नमस्कार.

सांत्वन नको म्हणालात, बरं झालं. त्यात माझा हात तसाही जड आहे. उत्तराकडे जाऊ, पण वाट ताईंच्या दारावरून जाते. तुम्ही त्यांचं म्हणणं एका वाक्यात गुंडाळून टाकलंत, आणि ते एवढं हलकं नाही.

'तिला काही दुखत नाही, ती आनंदात आहे.' ताईंना ठाऊक नसेल, पण हे एपिक्युरस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाचं म्हणणं आहे. लोक त्याला चैनबाज समजतात. प्रत्यक्षात शरीराला वेदना नाही आणि मनाला घोर नाही, याहून मोठं सुख तो मानतच नव्हता. पुढे १७८९ साली इंग्रज तत्त्वज्ञ बेंथमनं सुखाच्या मोजमापाची सात अंगं सांगितली: ते किती तीव्र, किती टिकणारं, किती खात्रीचं, किती जवळचं, त्यातून आणखी सुख निपजेल का, त्यात दुःखाची भेसळ किती, आणि ते किती जणांच्या वाट्याला येईल. आईंची बटणांची एक दुपार या पट्टीनं मोजून बघा. सुख हाताशी, रोजचं, खात्रीचं, भेसळ जवळजवळ नाही. तुमची-माझी कुठलीही दुपार तिच्यापुढे नापास होईल.

यात मी आणखी एक भर घालते, तीही ताईंच्याच बाजूनं. डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर केलेला एक प्रयोग १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांनी एका खेपेला १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवला. दुसऱ्या खेपेला तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू अंशभरानं कमी गार होत गेलं. यातलं कुठलं पुन्हा कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेली खेप निवडली. त्रास जास्त होता, पण शेवट जरा सुसह्य झाल्यामुळे आठवण बरी उरली होती. कानेमन पुढे एकाच माणसातल्या दोघांबद्दल बोलू लागले: एक क्षण भोगणारा, दुसरा आठवण ठेवणारा. आयुष्याचा हिशेब दुसरा ठेवतो, आणि तो पक्का कारकून असला तरी प्रामाणिक असतोच असं नाही.

तुमच्या आईंच्या घरातून हा दुसरा भाडेकरू बरंचसं सामान हलवून गेला आहे. ताई आठवडाभर पहिल्यासोबत राहतात. तुम्ही शनिवारी येता आणि दुसऱ्याला शोधता. हा टोमणा नाही. आठवड्यानं येणाऱ्याला आधी फरकच दिसतो, आणि रोज सोबत असणाऱ्याला माणूस. तुमच्या भांडणाचा निम्मा भाग तत्त्वज्ञानाचा नसून वेळापत्रकाचा आहे असं मला वाटतं.

उरलेला निम्मा मात्र खरोखरच तत्त्वज्ञानाचा आहे, आणि तिथं तुमचं खुपणं रास्त आहे.

रॉजर क्रिस्प या तत्त्वज्ञानं एक कल्पना मांडली आहे. जन्माला येण्याआधी तुमच्यापुढे दोन आयुष्यं ठेवली आहेत. एक संगीतकार हायडनचं: ७७ वर्षं, यश, मानमरातब, जिव्हाळ्याची माणसं, अप्रतिम रचना. दुसरं शिंपल्यातल्या कालवाचं: कोमट पाण्यात तरंगत असल्यासारखं सतत एक मंदसं सुख, वेदना नाही, आणि हे हवं तितकी वर्षं. हजार, लाख, कोटी. सुखाची नुसती बेरीजच करायची तर कधीतरी कालवाचा आकडा हायडनच्या पुढे जाणारच. तरी कालव व्हायला कोण तयार होईल? बहुतेकांचा हात आखडतो. त्या आखडण्यात काहीतरी आहे. हित म्हणजे सुखाच्या थेंबांची बेरीज असती, तर हात आखडला नसता.

(आपल्या भाषेत हा वाद नवा नाही. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात सुखवादाला आणि सुखदुःखाला एकेक स्वतंत्र प्रकरण दिलं आहे, आणि बेंथम-मिल या सुखवाद्यांच्या मतांची झाडाझडती घेतली आहे. श्रेय आणि प्रेय हे वेगळे असा निवाडा कठोपनिषदानं तर कधीच देऊन ठेवला होता. मी टिळकांइतकी सुखवादावर कडक नाही, पण त्यांचा युक्तिवाद वाचताना आळस येत नाही एवढं सांगते.)

तुमच्या आईंच्या सर्वांत जवळ येणारं उदाहरण थॉमस नेगल या तत्त्वज्ञाचं आहे, १९७० सालच्या मृत्यूवरच्या निबंधातलं. एका बुद्धिमान माणसाच्या मेंदूला इजा होते आणि तो तान्ह्या बाळासारखा होतो: पोट भरलेलं, अंग कोरडं, समाधानी. त्याचं काही वाईट झालं का? आपण सगळे म्हणतो, झालं, फार वाईट झालं. पण कुणाचं? समोरच्या समाधानी जिवाची कीव करण्यासारखं काही नाही, त्याचं पोट भरलेलं आहे. नेगल म्हणतो, आपल्याला कीव येते ती पूर्वी होता त्या माणसाची, आणि हे घडलं नसतं तर आज जो असता त्याची. नुकसान खरं आहे, पण ते आत्ताच्या चेहऱ्यावर शोधून सापडणार नाही, कारण ते आत्ताच्या क्षणात राहतच नाही. ते अख्ख्या आयुष्याचं आहे.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: आईंचे दिवस चांगले आहेत, आणि त्यांच्या आयुष्याचं मोठं नुकसान झालं आहे. दोन्ही खरं आहे, एकानं दुसरं पुसलं जात नाही. ताई दिवसांबद्दल बोलतात, तुम्ही आयुष्याबद्दल. दोघांच्याही वाक्यात कर्ता 'आई' असल्यामुळे भांडण एकाच गोष्टीवर चाललंय असं वाटतं.

एवढ्यावर थांबले असते, पण तुम्ही पत्रात तीन ठोस गोष्टी लिहिल्या आहेत: गाणी, बाबा, आणि 'ते जगणं माझं नव्हे' हे वाक्य. त्यांना वर दिलेल्या उत्तराचा उपयोग नाही. तिथं निर्णय करावा लागतो.

गाण्यांपासून सुरू करू. तुमचं म्हणणं, आईला ही गाणी नको होती. हित म्हणजे माणसाला जे हवं ते मिळणं, असं मानणारा मोठा पक्ष आहे आणि मला तो सुखवादापेक्षा एका बाबतीत जास्त आवडतो: तो माणसाला विचारतो. पण त्याची अडचण अशी की माणूस वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं सांगतो. रिचर्ड ब्रँट यांचं १९७९ मधलं उदाहरण बघा. सहा वर्षांचा एक मुलगा ठरवतो की आपला पन्नासावा वाढदिवस रोलर कोस्टरमध्ये बसून साजरा करायचा. पन्नाशी येते तेव्हा त्याला ते मुळीच नको असतं. आता त्या सहा वर्षांच्या मुलाच्या इच्छेचा मान राखायला त्या गृहस्थाला झुल्यात कोंबायचं का? कुणीच 'हो' म्हणणार नाही. उलट दिशेनं मात्र आपण गडबडतो. आईंनी साठाव्या वर्षी बंद केलेला रेडिओ अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही बंदच राहावा, असा तुमचा आग्रह आहे. तोही तसाच नाही का?

तुम्ही म्हणाल, सहा वर्षांच्या पोराची लहर आणि जाणत्या बाईची आवड यांत फरक आहे. आहे. पण ती आवडच होती ना? गाणं उथळ वाटलं, कटकट झाली, बंद केलं. त्यावर त्यांनी आपलं आयुष्य रचलं नव्हतं. आवड बदलते, तिला बदलायची मुभा असते. तेव्हा गाणी लावा. तुम्हाला बघवत नसेल तर त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसा, पण बंद करू नका. टाळ्या वाजवणारे हात त्यांचेच आहेत. ताई 'वाजवायला लावते' असं तुम्ही लिहिलंत. जरा लक्ष देऊन बघा, खरंच लावते की आई आधीच वाजवत असतात.

'डोकं चालेनासं झालं तर ते जगणं माझं नव्हे' हे वाक्य मात्र रेडिओच्या बटणासारखं नाही. ते वजनदार आहे. यावर एक प्रसिद्ध वाद झाला. १९९१ मध्ये एका वैद्यकीय विद्यार्थ्यानं अल्झायमर झालेल्या एका बाईंबद्दल लिहिलं. त्या रोज पुस्तक घेऊन बसत, पण पानं कुठूनही कुठेही उलटत. चित्रं काढायला बसवलं तर तेच ते चित्र काढत. आणि आपण पाहिलेल्या सर्वांत आनंदी माणसांत त्या आहेत असं त्याला वाटलं. रोनाल्ड ड्वॉर्किन या कायदेतज्ज्ञ तत्त्वज्ञानं १९९३ मध्ये त्यांच्यावरून प्रश्न उभा केला. समजा, या बाईंनी आजाराआधी लिहून ठेवलं असतं की मला स्मृतिभ्रंश झाला तर दुसऱ्या कुठल्या जीवघेण्या आजारावर उपचार करू नका, तर काय करायचं? ड्वॉर्किन म्हणतो, माणसाची हितं दोन जातींची असतात. काही अनुभवाची: चांगलं ऊन, चांगली झोप, चांगलं गाणं. काही मूल्यांची: आपण कसे जगलो, कशासाठी जगलो. दुसऱ्या जातीची हितं आजारानं पुसली जात नाहीत, म्हणून जुना शब्द पाळावा. रिबेका ड्रेसर यांनी १९९५ मध्ये त्यावर कडाडून आक्षेप घेतला: समोर जिवंत, हसणारं माणूस बसलं आहे, ज्या माणसानं तो कागद लिहिला त्याला या हसण्याची कल्पनाही नव्हती. त्याच्या कागदावरून हिचा घास कसा काढून घ्यायचा?

माझं मत विचाराल तर मी दोघांनाही अर्धा-अर्धा मुलूख देते. आईंच्या रोजच्या दिवसावर ड्रेसर यांचं राज्य. काय ऐकायचं, कुठे बसायचं, कशाला हसायचं, हे आज ज्या आहेत त्या ठरवतील. पण उद्या गंभीर आजार आला, नळ्या आणि यंत्रं लावून दिवस वाढवायचे का असा प्रश्न डॉक्टरांनी विचारला, तर तिथं 'ते जगणं माझं नव्हे' हे वाक्य टेबलावर ठेवायला हवं आणि त्याला पूर्ण वजन द्यायला हवं. तो शब्द शेवटच्या मोठ्या निर्णयांसाठी दिलेला होता. तो एखाद्या मंगळवारच्या दुपारवर खर्च करू नका. आणि हे ताईंशी आत्ताच बोला, डॉक्टरांना सोबत घेऊन बोला. दवाखान्याच्या बाकावर, रात्री दोन वाजता, दोन न बोलणारी भावंडं चांगला निर्णय घेत नाहीत.

आता बाबा. हा भाग मला सर्वांत अवघड वाटतो, म्हणून सावकाश लिहिते.

तुम्ही खरं सांगितलंत त्यामागची भावना मला कळते. सुख आणि इच्छापूर्ती यांच्यापलीकडे काही गोष्टी स्वतःच चांगल्या असतात, असं सांगणारा तिसरा पक्ष आहे. डेरेक पारफिटनं १९८४ मध्ये हितविषयक मतांची तीन घरांत मांडणी केली, तेव्हापासून या घराला 'यादी'चं घर म्हणतात. ज्ञान, प्रेम, मैत्री, काहीतरी नीट करणं, अशा गोष्टी त्या यादीत येतात. सत्याशी नातं असणं हीही त्यातलीच एक. रॉबर्ट नोझिकनं १९७४ मध्ये हेच एका कल्पित यंत्रातून दाखवलं होतं. डोक्याला तारा जोडायच्या, आणि हवे ते सगळे अनुभव मिळतील: महान ग्रंथ लिहिल्याचे, मित्र भेटल्याचे. खरं मात्र काहीच घडत नसेल. जन्मभर जोडून घ्याल? मी वर्गात हे सांगायचे तेव्हा मुलं तावातावानं 'नाही' म्हणायची. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात विचारलं की 'हो'चे हात थोडे वाढायचे.

पण एक उलटी बाजूही आहे. फेलिपे द ब्रिगार्ड यानं २०१० मध्ये प्रश्न फिरवून विचारला: तुम्ही आत्ता आधीच त्या यंत्रात आहात, हे आयुष्य खोटं आहे, बाहेर यायचंय का? आता 'राहू दे' म्हणणारे बरेच निघाले. म्हणजे सत्याच्या ओढीइतकीच, 'आहे ते' न मोडण्याचीही ओढ असते. तुमच्या आई आत आहेत, आणि तुम्ही तारा उपटल्यात. वाईट हेतूनं नाही, पण उपटल्यात.

यादीवाल्यांना पीटर रेल्टन यांनी १९८६ मध्ये एक अट घातली, ती मला फार महत्त्वाची वाटते. माझं हित म्हणून जे काही सांगाल, ते मला कुठल्यातरी पातळीवर भिडायला तर हवं. अजिबात न भिडणारी गोष्ट 'तुझ्याच भल्याची' म्हणून माझ्या गळ्यात मारता येत नाही. सत्याचं मोल कशात आहे? ते कळल्यावर माणूस त्याच्याभोवती आपलं जगणं पुन्हा मांडतो. पहिले महिने कोसळतो, मग हळूहळू शोकाला जागा करून देतो. तुमच्या आई ते नऊ वर्षांपूर्वी करून बसल्या. आता त्यांना सत्य अर्धा तास पुरतं. त्या अर्ध्या तासात कोसळणं पूर्ण होतं, मांडणी सुरूही होत नाही. ओंजळीत जे थांबतच नाही, ते दान कसलं? त्या दिवशी त्यांना ज्ञान मिळालं नाही. फक्त धक्का मिळाला. ज्ञान तुम्हाला हवं होतं, आपण खोटं बोललो नाही याचं.

हे कठोर वाटेल. पण उत्तर मागितलंत.

तरीही ताईंचं 'येतील' मला पटत नाही. एकतर त्या वाक्यानं आईंना वाट बघायला लावलं जातं. दुसरं, ते आईंना टाळण्याचं वाक्य आहे. त्यांना काहीतरी हवंय आणि आपण दार लोटून घेतो. 'हे कुठे गेले?' या प्रश्नात पत्ता विचारलेला नसतो. त्यात ओढ असते. उत्तर ओढीला द्या. 'बाबांची आठवण आली का?' म्हणा. 'ते या वेळी काय करत असायचे?' म्हणून विचारा. त्या सांगतील ते ऐका, चुकलं तरी दुरुस्त करू नका, तुमच्याकडची एखादी आठवण जोडा. यात खोटं एक अक्षर नाही, आणि धक्काही नाही. नवरा घरात पुन्हा पाच मिनिटं येऊन बसतो, जसं येणं आता शक्य आहे तसा. एखाद्या दिवशी त्यांनी थेट डोळ्यांत बघून 'ते गेले ना?' असं विचारलं, तर 'हो' म्हणा आणि हात धरून बसा. तेव्हा त्या विचारत नसतात, सांगत असतात. हे तुम्ही ताईंना सुचवा. त्यांचं खोटं बोलणं चूक म्हणून सुचवू नका. मी त्या दिवशी चुकलो, आणि हे दोघांना जमेल असं काहीतरी सापडलंय, असं सांगा. रोज दहा वेळा 'येतील' म्हणणाऱ्या माणसालाही ते जड जात असतं. तुम्ही विचारलंय कधी?

एक गोष्ट राहिली: शेवट. पत्रात स्पष्ट लिहिलं नाहीत, पण मला ती ओळींच्या मागे दिसते. ३५ वर्षं फळ्यासमोर ताठ उभी राहिलेली बाई, आणि शेवट बटणांच्या डब्यात. डेव्हिड वेलमन यांनी १९९१ मध्ये लिहिलं की आयुष्याचं मोल क्षणांच्या बेरजेत नसतं, त्याला आकार असतो. खालून वर गेलेलं आयुष्य आणि वरून खाली आलेलं आयुष्य यांची बेरीज सारखी आली तरी आपण पहिलं निवडतो. हे बरोबर आहे, आणि तुमच्या दुखण्याचं मूळही तेच आहे. पण वेलमन आणखी काही सांगतात, ते पुष्कळदा सुटून जातं: नंतरच्या घटना आधीच्यांचा अर्थ बदलतात ते त्यांच्याशी गोष्टीच्या धाग्यानं जोडलेल्या असतील तेव्हा. लग्नातल्या दहा वाईट वर्षांतून दोघं काही शिकली आणि पुढे सुखी झाली, तर ती वर्षं वाया गेली नाहीत. आजाराचा आणि गणिताचा असा कुठला धागा आहे? आईंनी शिकवलं म्हणून आजार झाला नाही, आणि आजारानं शिकवलेलं खोटं ठरत नाही. ज्यांना त्यांच्यामुळे अपूर्णांक कळले त्यांना ते कळलेलेच आहेत. हे पान त्या गोष्टीचा शेवट नाही. ती गोष्ट आधीच पूर्ण झाली होती. हे नंतर जोडलेलं पान आहे.

असं मी लिहिणार होते आणि थांबणार होते. मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं आणि त्या बटणापाशी अडखळले.

जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये एका विचित्र माणसाची कल्पना केली होती. त्याला एकाच गोष्टीत सुख: हिरवळीतली गवताची पाती मोजणं. गंमत म्हणजे रॉल्स यांनी त्याला हुशार केलंय, तो पोटासाठी गणितातले अवघड प्रश्न सोडवून देतो आणि उरलेला वेळ गवत मोजतो. वाचणाऱ्याला वाटतं, आता रॉल्स म्हणणार की हे वाया गेलेलं आयुष्य. ते तसं म्हणत नाहीत. त्याचा स्वभावच तसा असेल आणि तो बदलण्याजोगा नसेल, तर त्याचं भलं गवत मोजण्यातच आहे, असं ते मान्य करतात. मला हे वर्षानुवर्षं पटत नव्हतं. अजूनही पूर्ण पटत नाही. पण तुमच्या पत्रातली बाई नुसती पाती मोजत नाहीये.

अग्निएश्का यावोर्स्का यांनी १९९९ मध्ये ड्वॉर्किन आणि ड्रेसर दोघांनाही एक गोष्ट दाखवून दिली. स्मृतिभ्रंश झालेलं माणूस एकतर जुन्या मूल्यांचं उरलेलं टरफल, नाहीतर आत्ताच्या सुखाचं भांडं, असं दोघं धरून चालले होते. पण अशा पुष्कळ माणसांत मूल्य मानण्याची शक्ती बराच काळ शाबूत राहते, आयुष्याची अख्खी गोष्ट डोक्यात राहिली नाही तरी. ती ओळखायची कशी? नुसतं काही हवं असणं वेगळं आणि काही बरोबर आहे असं वाटणं वेगळं. नुसतं हवं असलेलं मिळालं नाही तर माणूस हिरमुसतो. पण बरोबर असायला हवं ते चुकलं, तर तो दुरुस्त करतो.

तुमच्या आईंनी दुरुस्त केलं. त्यांनी ते बटण फेकलं नाही, डबा ओढून घेतला नाही, रडल्या नाहीत. उचललं, बाजूला ठेवलं, आणि 'नीट बघ आधी' म्हणाल्या. ३५ वर्षांत हे वाक्य त्यांनी किती पोरांना ऐकवलं असेल याचा हिशेब तुम्हीच करा. तुम्ही ते वाक्य पत्रात रंग कळेनासे झाल्याचा पुरावा म्हणून लिहिलंत.

माझं चुकत असेल. या आजारात रंगांची ओळख पुसट होऊ शकते, आणि मी डॉक्टर नाही. पण तुम्ही सांगता की त्या रोज ढीग लावतात, आणि ढीग रंगांचे आहेत हे तुम्ही बघून ठरवलंत, त्यांना विचारून नाही. येत्या शनिवारी बटण टाकायच्या आधी त्यांनी लावलेला एक ढीग जवळ घेऊन पाहा. काही बटणांना दोन भोकं असतात आणि काहींना चार.